बुडीत 'मेहेरबान' आणि इतर एक्केचाळीस

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
किनारी वारसा नोंद कक्ष (युद्धकाळात बुडालेली जहाजे),
मुंबई.

अर्जदार : सिद्धाराम शिवपुत्र कलशेट्टी, सेवानिवृत्त आवक-जावक लिपिक, वय ५९, रा. नळदुर्ग, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

विषय : 'इतर देशी खलाशी – ४१' या नोंदीतून लिंगैक्य ईरण्णा गुरप्पा हत्तरगे यांचे नाव बाहेर काढून स्वतंत्र ओळीत लिहिण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. ३ मार्च २०२५. २) आपले 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' पत्र दि. २८ मार्च. ३) मला बजावलेली नोटीस दि. २ जून. ४) पंचनामा दि. १९ ऑगस्ट. ५) माझ्या आईस न मागता मिळालेला दाखला दि. १४ ऑक्टोबर.

महोदय,

वर 'मेहेरबान' न लिहिता नुसते 'महोदय' लिहिले आहे. हा उद्धटपणा नव्हे. त्या शब्दाने मला काय ताप झाला ते पुढे येईलच.

१. मी पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत आवक-जावक लिहिली. आलेल्या कागदावर शिक्का मारणे आणि गेलेल्या कागदाचा नंबर टाकणे, एवढेच माझे काम होते. त्यामुळे कागद कसा फिरवतात, का फिरवतात आणि फिरवणाऱ्याला त्यात काय सुख मिळते, हे मला नीट ठाऊक आहे. मला अडाणी समजून उत्तर देऊ नये ही विनंती.

२. ईरण्णा हे माझ्या आईचे वडील. भावाशी भांडून ते सोलापूरला गेले, तिथून मुंबईला, आणि गोदीवर कोणाच्या तरी ओळखीने मालवाहू आगबोट 'मेहेरबान' हिच्यावर आगवाला म्हणून लागले. आगवाला म्हणजे बॉयलरात कोळसा टाकणारा. ज्या माणसाने बोरी नदीच्या पलीकडे पाणी पाहिले नव्हते तो समुद्रावर गेला, आणि समुद्रावर जाऊनही त्याच्या नशिबी दिवसभर आगच आली. ऑक्टोबर १९४३ मध्ये रत्नागिरीच्या समोर ही बोट पाण्याखालच्या सुरुंगावर आदळून बुडाली. माझी आई गिरिजाबाई तेव्हा पोटात होती. कंपनीचे पत्र नळदुर्गला पोचायला आठ महिने लागले. ते आठ महिने माझी आजी मल्लम्मा रोज कुंकू लावत होती. पुढे ती कुठलाच कागद हातात धरायची नाही. कागद आला की म्हणायची, "ठिव तिकडं. कागद नेहमी उशिराच येतोय."

३. आपण काढलेली पुस्तिका माझी मुलगी शिवप्रिया हिने मोबाईलवर दाखवली. चांगले काम आहे, ते मी नाकारत नाही. किनाऱ्यालगत बुडालेली युद्धकाळातली जहाजे हा आपला वारसा आहे, ती लोखंड म्हणून भंगारात जाऊ नयेत, हे आपले म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. पान २७ वर 'मेहेरबान' आहे. लांबी आहे, रुंदी आहे. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कोणत्या जातीचे मासे राहतात ते आहे. 'बॉयलर दोन, सुस्थितीत' असे आहे. कप्तान आणि पाच गोरे अधिकारी यांची नावे, गावे, वये आहेत. त्याखाली एक ओळ आहे : इतर देशी खलाशी – ४१.

बॉयलर सुस्थितीत असल्याची नोंद झाली, आनंद आहे. त्यात कोळसा टाकणारा कोण होता, हे मात्र कोणाला विचारावेसे वाटले नाही. मी ती ओळ आईला वाचून दाखवली, हा माझा मूर्खपणा. तिचे वय एक्क्याऐंशी, तिला ऐकू चांगले येते. ती म्हणाली, "मग त्या एक्केचाळिसात माझा अप्पा कितवा?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही म्हणून मी अर्ज केला. दुसरे काही कारण नाही. मला नुकसानभरपाई नको, पेन्शन नको, सत्कार नको.

४. आपल्या संकेतस्थळावरील फॉर्ममध्ये जिल्हा निवडावा लागतो. त्यात पालघर ते सिंधुदुर्ग एवढेच जिल्हे आहेत. धाराशिव नाही. मी आपल्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमच्याकडे समुद्रच नाही ना, मग जहाज कसं असेल?" मी म्हणालो, "ताई, जहाज तुमच्याकडंच हाय. त्यातला माणूस आमचा हाय." तिने लेखी अर्ज करा म्हणून सांगितले. मी केला. त्याचा विषय मी असा लिहिला होता : 'बुडीत मेहेरबान व त्यावरील मयत ईरण्णा यांच्या नावाची नोंद होणेबाबत'. आपण तो न वाचता 'अर्जदार किनारी जिल्ह्यातील नसल्याने' असा शेरा मारून आमच्या जिल्ह्याकडे योग्य त्या कार्यवाहीस्तव पाठवून दिला. योग्य ती कार्यवाही म्हणजे काय हे मी पस्तीस वर्षे पाहिले आहे. ब्याद टळली, एवढाच त्याचा अर्थ.

५. इथून पुढे त्या विषयाच्या ओळीतल्या एकेका शब्दाने माझे हाल केले. ज्या कार्यालयात अर्ज प्रथम आला त्याचे नाव लिहीत नाही, कारण त्या खात्याचे मीठ मी खाल्ले आहे. तेथील एका अव्वल कारकुनाने 'बुडीत मेहेरबान' हे शब्द वाचले आणि अर्जदार साहेबांनाच बुडीत म्हणतो असा अर्थ काढला. मला नोटीस आली : 'मा. साहेबांस उद्देशून आपण उपहासात्मक व अवमानकारक भाषा वापरली आहे, सात दिवसांत खुलासा सादर करावा.' मी खुलासा दिला की मेहेरबान हे जहाजाचे नाव आहे, साहेबांचे नव्हे, आणि साहेब बुडालेले नाहीत. तो खुलासा 'समाधानकारक' म्हणून दप्तरी दाखल झाला. जहाजाबद्दल कोणी एक अक्षर विचारले नाही.

६. त्यानंतर त्याच अर्जातील 'बुडीत' हा शब्द दुसऱ्या टेबलाने धरला. आमच्याकडे बुडीत म्हटले की धरण. अर्ज पुनर्वसनाच्या शाखेत गेला आणि मला छापील फॉर्म आला. बुडीत मिळकतीचा गट क्रमांक, सातबारा, विहीर असल्यास खोली, फळझाडे असल्यास संख्या. मी प्रत्येक रकान्यात 'अरबी समुद्र' असे लिहून पाठवले. वाटले, निदान आता तरी कोणी थांबून विचार करील. कुठलं काय! १९ ऑगस्टला तलाठी सजाचे महसूल कर्मचारी दोन पंच घेऊन मोटारसायकलवर आले. बोरी धरणाच्या काठाने फिरले, मोबाईलवर चार फोटो काढले, आणि पंचनामा केला. त्यातील वाक्य जसेच्या तसे देतो : 'मौजे नळदुर्ग हद्दीतील जलाशयाची समक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी मेहेरबान नावाचे जहाज आढळून आले नाही. एक नादुरुस्त होडी आढळली, ती मच्छीमार सोसायटीची असल्याचे पंचांनी सांगितले.' खाली दोन्ही पंचांच्या सह्या आहेत. एक पंच माझ्या वर्गात होता. मी त्याला विचारले, अरे काय बघून सही केलीस? तो म्हणाला, "सिद्धाराम, जहाज न्हाय म्हणून लिहिलंय. न्हायच की! खोटं काय हाय त्यात?"

७. हद्द पुढेच आहे. १४ ऑक्टोबर रोजी, अर्जात वारस म्हणून नाव असलेल्या माझ्या आईच्या नावे प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला घरपोच आला. गोल शिक्का, सही, सगळे व्यवस्थित. ज्यांची खरोखर घरेदारे पाण्याखाली गेली ती माणसे या कागदासाठी वर्षानुवर्षे टाचा झिजवतात. ज्ञानोबा म्हणून माझे एक परिचित आहेत, ते याच दाखल्यासाठी खेटे घालून म्हातारे झाले. त्यांच्यासमोर तो कागद धरायची मला लाज वाटली. माझ्या आईचा बाप समुद्रात गेला आणि सरकारने तिला धरणग्रस्त ठरवले. महोदय, मला त्या दाखल्याची शिसारी आली. तो मी सोबत परत करत आहे. आपला नसला तरी आपल्या शेऱ्यामुळेच जन्मला आहे, आपणच त्याचे काय ते करा.

८. आता 'इतर' या शब्दाबद्दल. हा शब्द दिसला की माझे डोके का फिरते ते सांगितल्याशिवाय आपल्याला माझा राग कळणार नाही. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. मयतांच्या याद्या करायला आम्हाला सास्तूरला पाठवले होते. आमच्या तुकडीवर बलभीमराव म्हणून अव्वल कारकून होते, अर्धे शिकलेले, तोंडाने फटकळ. एका ढिगाऱ्याशी सात माणसे निघाली, त्यातल्या तिघांची नावे सांगायला कोणी उरले नव्हते. मी लिहिले : इतर – ३. बलभीमरावांनी माझ्या हातातून पेन काढून घेतले. म्हणाले, "इतर म्हंजे कोण रे? इतर कुणाच्या पोटी जन्मला? नाव घावल्याशिवाय इथनं उठायचं न्हाय." आम्ही दोन दिवस हिंडलो. दोन नावे मिळाली. तिसरे अकरा दिवसांचे मूल होते, मुलगी. बारसे व्हायचे होते. तिची आजी विठाबाई उपचारांच्या तंबूत होती, तिला शोधून काढले. बलभीमराव तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माय, नाव काय ठिवणार होता?" ती बाई म्हणाली, "सावित्री." त्यांनी ते माझ्याकडून वळणदार अक्षरात लिहून घेतले. कु. सावित्री, वय अकरा दिवस. मोडक्या टेबलावर, पावसात, कंदील नसताना हे झाले. आपल्याकडे संगणक आहेत, पाणबुडे आहेत, समुद्राच्या तळाचे रंगीत नकाशे आहेत, आणि आपण लिहिता, इतर एक्केचाळीस. मला किळस येते, महोदय. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, त्यावर पुन्हा नोटीस काढायची असल्यास पत्ता वर दिलेला आहे.

९. पुराव्याबाबत. ईरण्णा यांची खलाशाची पुस्तिका, कंपनीचे इंग्रजी पत्र आणि निजामी अमलातील मृत्यूनोंदीची उर्दू नक्कल मी पहिल्याच अर्जाला जोडली होती. तिन्हींत बोटीचे नाव आणि माणसाचे नाव आहे, शेवटच्या दोहोंत बुडाल्याची तारीखही आहे. या कागदांना आपल्या कक्षात कोणी बोटदेखील लावलेले नाही, कारण दाखल्यासोबत परत आलेल्या संचाला मी मारलेली पिन तशीच होती. पिन काढल्याशिवाय मागचे पान दिसत नाही. मी पस्तीस वर्षे पिना मारल्या आहेत. मला शिकवू नये.

१०. आपल्या जाहीर सूचनेनुसार नोंदवही ३१ डिसेंबरला कायमची बंद होणार आणि १० जानेवारीला पाणबुडे जाऊन 'मेहेरबान'वर नावांची पितळी पट्टी बसवणार आहेत. म्हणून माझी मागणी एका ओळीची आहे. 'इतर देशी खलाशी – ४१' येथे ४० करावे आणि त्यावर लिहावे : ईरण्णा गुरप्पा हत्तरगे, आगवाला, वय २४, रा. नळदुर्ग.

११. अर्ज इथे संपला होता. पाकीट बंद करण्यापूर्वी मी तो आईला वाचून दाखवला आणि तिने तो मोडला, म्हणून हा परिच्छेद वाढला आहे. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. आलेला प्रत्येक जण बेलाचे पान आणि एक मूठ माती टाकतो. ईरण्णाला ती मिळाली नाही, हे आईला जन्मापासून सलते. पाणबुडे जाणारच आहेत तर आपली चिमूटभर माती त्यांच्याबरोबर जाऊ दे, असे तिने आधीच सांगितले होते आणि मी पुडी बांधून तयार ठेवली होती. पण दहावा परिच्छेद ऐकून ती म्हणाली, "आणि त्ये चाळीस?" मी म्हणालो, आई, आपला आपण बघावा, बाकीच्यांचे त्यांचे लोक बघतील. त्यावर ती माझ्यावर जन्मात चिडली नव्हती तशी चिडली. "त्यांचे लोक कुठं हायत त्ये तुला म्हाईत हाय का? माझा अप्पा त्येंच्यात बसून जेवला आसंल की रं. येकट्याला कशी दिऊ माती?" पुढचे तीन दिवस ती ओसरीवर बसून होती. कॅलेंडरची जुनी पाने फाडून घेतली, आमच्या शेतातली काळी माती चाळून घेतली, आणि पुड्या बांधल्या. मला बांधू दिल्या नाहीत.

तेव्हा परिच्छेद १० मधील माझी मागणी मी याद्वारे मागे घेत आहे. चाळीस लिहून चालणार नाही. मीसुद्धा शेवटी तेच करायला निघालो होतो, हे कबूल करतो. कंपनीच्या दप्तरात, गोदीच्या कागदात, कुठेतरी ती नावे असतील. शोधा. सास्तूरला आम्ही शोधली होती.

शिक्कामोर्तब पोच मिळेपर्यंत नम्र राहण्याचा प्रयत्न करणारा,

(सही)
सिद्धाराम शिवपुत्र कलशेट्टी
नळदुर्ग, दि. २४ नोव्हेंबर २०२५

सहपत्रे :
१) खलाशाची पुस्तिका, कंपनीचे पत्र व उर्दू नक्कल, प्रत्येकी एक झेरॉक्स. पिन मारलेली नाही.
२) जहाज न सापडल्याचा पंचनामा.
३) गिरिजाबाई यांचा प्रकल्पग्रस्त दाखला, मूळ प्रत, परत.
४) काळ्या मातीच्या पुड्या, नग ४१. फाईलला लावू नयेत. आवक नोंदवहीत 'माती' अशीच नोंद घ्यावी. एका पुडीवर नाव लिहिले आहे. चाळीस पुड्यांवर नावापुरती जागा कोरी सोडली आहे, ती आपण भरावयाची आहे.