कोर्ट उठेपर्यंत

४ मार्च

दादाला पोलिसांनी धरलं. भर दुपारी, बसथांब्यावर. पिऊन झोकांड्या खात होता, एका बाईच्या अंगावर पडला — असं हवालदार म्हणाला. जामिनावर मीच सोडवून आणलं. वाटेत एवढंच बोलला, "थेंबही घेतलेला नाही गं." जीभ जड वाटली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मुलगी झाल्यापासून त्याने दारू सोडली होती. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

६ मार्च

वहिनी त्याच्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत निघून जाते.

९ मार्च

वकिलाकडे गेलो, तिघंही. माणूस घाईत. "तोल नव्हता, जीभ अडखळत होती, असं तपासणीत लिहिलंय. रक्ताचा रिपोर्ट कधी येईल देव जाणे. लढायचं तर तारखांवर तारखा. कबूल केलंत तर त्याच दिवशी मोकळे."

दादा गोदामात क्रेन चालवतो. साहेबांनी बजावलंय — या वेळी सांभाळून घेतो, पण प्रकरण मिटवून ये. तोवर क्रेनला हात लावायचा नाही.

"जे केलंच नाही ते कबूल कसं करू?" दादा म्हणाला.

वहिनी फटकन बोलली, "आजवर कितीदा असंच म्हणालास."

वकील कागद चाळत राहिला.

१२ मार्च

उद्या तारीख. शाळेतले तास शिकवून आले ती थेट त्याच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, दादा, मिटव ना. माझ्यासाठी.

"तुलाही तसंच वाटतं?"

मी उद्याचे कागद पिशवीत भरू लागले. त्याने ते पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

१३ मार्च

पुकारा झाला आणि बघता बघता संपलंसुद्धा. न्यायाधीश बाईंनी दोनदा विचारलं, "कुणाचा दबाव नाही ना?" दादाने मागे वळून पाहिलं नाही. "नाही. गुन्हा कबूल आहे."

किरकोळ दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे तिथेच मागच्या बाकावर बसून राहायचं, दिवसाचं काम संपेपर्यंत. मीही दाराशी बसले. पाकीटमार आले, भांडलेले शेजारी आले, गेले. दादा मान खाली घालून, उजव्या हाताची बोटं चोळत.

संध्याकाळी शिपाई म्हणाला, "जा आता. आणि सोडा ती."

"हो," दादा म्हणाला.

सुटलो एकदाचे.

१५ मार्च

कामावर रुजू झाला. वहिनी त्याच्याशी दोन शब्द बोलली.

१८ मार्च

गोदामाच्या फाटकातच दादा कोसळला. साहेबांचा मला फोन — "सकाळी सकाळीच लावून आलाय, घेऊन जा." मी दवाखान्यात नेलं. तिथेही पहिला प्रश्न तोच, किती घेतलीय? डॉक्टरीणबाई मात्र वाकून त्याचे डोळे बघत राहिल्या. त्याला हात वर करायला सांगितलं. डावा उठला, उजवा नाही. डोक्याचा स्कॅन काढायला सांगितलाय.

१९ मार्च

मेंदूत गाठ आहे. बरेच महिने वाढत असणार, म्हणाल्या.

दादा ऐकून हसला. किती दिवसांनी! माझा हात धरून म्हणाला, "जा, तुझ्या वहिनीला सांग."