विजयमालाची वडी

६ फेब्रुवारी
काल बायकोचं, विजयमालाचं, तेरावं झालं. आजपासून घोलवडच्या वाडीत परत चिकू काढायला सुरुवात. अठरा क्रेट भरले. ही जुलाब-उलट्यांनी गेली. डॉक्टर म्हणाले होते, घरात साबणाने हात धूत जा. आता नियम म्हणजे नियम. वीस सेकंद, प्रत्येकाने.

७ फेब्रुवारी
पुठ्ठ्यावर नियम लिहून चिकू धुवायच्या हौदावर टांगला. मजुरांना साबणाच्या वड्या वाटल्या. नवशीने विचारलं, शेठ, तुमची वडी कुठाय? म्हटलं, माझे हात दिवसभर हौदातच असतात. म्हणाली, म्हणजे चिकूच तुमचे हात धुतात. बायका हसल्या. अडाणी आहेत.

९ फेब्रुवारी
मोरीत विजयमालाची वडी आहे. अर्धी झिजलेली. वापरली तर संपेल. सुनेने, मयूरीने, शेजारी नवी ठेवली होती. तिथे दुसरी नको, म्हणून सांगितलं. तिने ती उचलली.

१२ फेब्रुवारी
मजुरांतला जिव्या सतरा सेकंदांत हात धुऊन उरकतो. घड्याळ लावून परत धुवायला लावलं. दुपारी नात हौदापाशी आली. दक्षा, चार वर्षांची. तिला चिकू सोलून भरवला. विजयमालालाही शेवटपर्यंत मीच भरवत होतो. दुसऱ्या कोणाच्या हातचं तिला नको असायचं.

१४ फेब्रुवारी
दक्षाला पहाटेपासून जुलाब. बाजारातला बर्फाचा गोळा, दुसरं काय. विपुलला बोललो, बाप म्हणून लक्ष ठेवत जा. साखर-मिठाचं पाणी मी स्वतः केलं. चमचा सापडेना, बोटाने ढवळलं.

१५ फेब्रुवारी
डहाणूला ॲडमिट. सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, मुलीला कोण भरवतं? मयूरी जमिनीकडे बघून म्हणाली, पप्पांच्याच हातचं खाते. मी गोळ्याबद्दल सांगितलं. विपुल म्हणाला, पप्पा, तिने गोळा खाल्लाच नव्हता.

१९ फेब्रुवारी
दक्षाला डिस्चार्ज मिळाला. पण ती घरी आली नाही. मयूरी हॉस्पिटलमधून सरळ वाणगावला, माहेरी घेऊन गेली. मला एवढंच म्हणाली, आई गेल्या तेव्हा मी गप्प बसले.
संध्याकाळी मोरीत गेलो. वडीला भेगा पडल्या होत्या. फेस यायला वेळ लागला. नखांत चिकूचा चीक काळा होऊन बसला होता, तोही निघाला. वीस मोजले. वडी जागेवर ठेवली. होती तेवढीच दिसत होती.
मग एक चिकू सोलला आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ला.