चौकावर छप्पर घालण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय इमारतींचे आराखडे काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणी धाक घातलेला नाही. उलट गेले दोन महिने घरात सगळे माझ्याच धाकात आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे. एरवी एवढ्या एका वाक्यात भागतं. माझं भागणार नाही, कारण माझ्या चिरंजिवांचं मत वेगळं आहे. म्हणून आधी तेवढं निस्तरते.

गावाबाहेरच्या मोठ्या रुग्णालयाचा आराखडा माझा. कागदाला पेन्सिल लावण्याआधी मोकळ्या जागेवर घडीची खुर्ची टाकायची आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत बसून राहायचं, ही माझी जन्माची रीत. ऊन कुठून शिरतं, वारा कुठे अडतो, पाखरं कोणत्या झाडावर भांडतात, ते बघायचं. गवंडी हसायचे, मालक घड्याळ बघायचे. त्या रुग्णालयात प्रत्येक खाटेवरून मान न वळवता झाड दिसेल अशी खिडकी मी ठेवली. झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांना दिसेल अशी, उभ्याच्या नव्हे. उभा माणूस संध्याकाळी घरी जातो.

पुढे माझं कार्यालय चिरंजिवांकडे गेलं. घरी त्याला अजून बाब्याच म्हणतात. बाब्याने त्या खिडक्यांमागे थंड हवेची यंत्रं बसवली, खिडक्या फळ्या मारून बुजवल्या आणि फळ्यांवर जंगलाचे मोठमोठे फोटो चिकटवले. वर त्याबद्दल बक्षीस घेतलं, निसर्गस्नेही नूतनीकरणाचं. मी बोलायचं ते बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मांडीचं हाड मोडून मी त्याच रुग्णालयात जाऊन पडले आणि ते जंगल माझ्या समोर आलं. तिथे कायम सकाळ. पान हलत नाही, पाखरू जागचं उठत नाही, खोलीतले दिवे विझत नाहीत. मला रात्र कळेना, दुपार कळेना. धाकट्या बहिणीला मी "आई" म्हणून हाक मारली आणि नर्सशी नसलेल्या जिन्यावरून भांडले. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आत्ता सकाळ आहे की संध्याकाळ?" मी म्हणाले, "समोर बघा की. सकाळ आहे. कालही होती." त्यांनी कागदावर ‘भ्रम’ असं लिहिलं. दाराबाहेर बाब्या मावशीला, म्हणजे माझ्या याच बहिणीला, सांगत होता, "आई आता हाताबाहेर गेली गं. घराचं आता आपणच बघायला हवं." मला भ्रम झाला होता, बहिरेपण आलं नव्हतं.

बहिणीने हट्टच धरला. "मला तुमच्यातलं काही कळत नाही, पण हिला उजेडात ठेवा." व्हरांड्याच्या टोकाला एकच खिडकी उरली होती, तीही यंत्र मावलं नाही म्हणून. माझी खाट तिथे सरकवली. समोर खरं झाड, त्यावर भांडखोर मैना. दोन-तीन दिवसांत मी डॉक्टरांना म्हणाले, "ऊन झाडाच्या बेचक्यात आलंय. तुमच्या चहाची वेळ झाली, जा." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि कागदावरचा तो शब्द खोडला. खाली पहिली सही त्यांचीच आहे.

आता वाटणी.

कलम एक. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. तिने ती जपू नये. जपण्यातच तिचा जन्म गेला.

कलम दोन. आराखड्याचं टेबल, पट्ट्या आणि रंधा माझ्या सुताराला. मागून नेलेली वस्तू परत आणून देणारा माणूस माझ्या ओळखीत तो एकटाच.

कलम तीन. बाब्याने वाढदिवसाला दिलेली प्लॅस्टिकची वेल बाब्याला परत. मावशीने तिला वर्षभर पाणी घातलं आणि खरं कळल्यावर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. वेलीची तब्येत उत्तम आहे.

कलम चार. घर. याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. घराच्या मधोमध उघडा चौक आहे आणि चौकात तुतीचं झाड. प्रत्येक खोली त्या चौकातून श्वास घेते. बाब्याला झाड काढून, वर छप्पर घालून तिथे गार दिवाणखाना करायचा आहे. "आई, पानं पडतात," म्हणतो. मी म्हणाले, "पडणारच. तुझे केस पडतात, तुला काढून टाकलं का?" त्यावर तो हसलासुद्धा नाही. हसला असता तर मी इतकं लिहिलं नसतं.

घर दुसऱ्या कोणाला द्यावं असं पुष्कळदा मनात आलं. वकीलबाईंनी तसा मसुदाही केला होता. मी तो फाडला. पोटचा पोर आहे, राग आला म्हणून परका होत नाही. घर बाब्यालाच.

अट एकच. ताबा घेण्याआधी त्याने माझी घडीची खुर्ची चौकात टाकावी आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत तिथे बसावं. फोन मावशीकडे द्यावा. काही मोजू नये, काही काढू नये. मावशीने चहा द्यावा, सल्ला देऊ नये. अंधार पडला की तिने एवढंच विचारावं, "तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर होतं का?"

नाही म्हणाला, तर त्याने खुशाल कोर्टात जाऊन हे मृत्युपत्र मोडावं. हो म्हणाला, तर तिने किल्ली त्याच्या हातात द्यावी. मग छप्पर घालायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं. मी विचारायला येणार नाही.

सही: लिहून ठेवणारी, बाब्याची आई

साक्षीदार:
१. रुग्णालयाचे डॉक्टर, ज्यांनी शब्द खोडला.
२. शेजारचे निवृत्त मास्तर. आमच्या तुतीची निम्मी पानं त्यांच्या अंगणात पडतात आणि ते अजून एकदाही तक्रार घेऊन आलेले नाहीत.

ठिकाण: राहत्या घराचा चौक, घडीच्या खुर्चीवर.
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यावर असेल तो.
वेळ: सकाळ. दोन्ही साक्षीदारांनी वर बघून खात्री केली आहे.