तेरावा फाउल

शनिवार, ४ नोव्हेंबर २०२३, संध्याकाळी ५.२५
मॅच आत्ताच संपली. मी सट्ट्याच्या दुकानात, खिडकीच्या जाळीच्या आत बसून वहीतल्या रेघा मोजतोय. तीनदा मोजल्या – लाल संघाचे तेरा फाउल. आमचं गिऱ्हाईक ओगादा, त्याने त्यावरच पैसे लावलेत, तेरा किंवा जास्त. वीस हजार शिलिंग! ज्या मोटारसायकलवरून प्रवासी नेतो, तिच्या थकलेल्या हप्त्यांचे पैसे. सोमवारी भरले नाहीत तर गाडी ओढून नेतील. तेरा झाले तर सदतीस हजार, बारा झाले तर काहीच नाही.

त्याने जाळीतून विचारलं, मास्तर, तुझी वही काय म्हणते? मी सांगून टाकलं – तेरा. सांगायला नको होतं. पैसे मिळतात ते आकडे पुरवणाऱ्या कंपनीच्या आकड्यावर, आणि तो अजून यायचाय.

त्याच दिवशी, ६.४०
आकडा आला. बारा.

आमच्या मॅनेजर अडेरो मॅडमनी माझी वही ओढली आणि बावन्नाव्या मिनिटाच्या रेघेवर नख ठेवलं. तिथे पंचाने शिट्टी वाजवलीच नव्हती. हात पुढे करून खेळ चालू ठेवला आणि चेंडू बाहेर गेल्यावर पिवळं कार्ड दाखवलं. मी कार्ड बघून रेघ मारली.

"फ्री किक नाही तर आपल्याकडे फाउल नाही. दोन वर्षं इथे काय माश्या मारल्यास?"

मला नियम पाठ होता. तरी मारली.

तोवर ओगादाने जिंकलोच म्हणून मोटारसायकल स्टँडवरच्या चौघांना तळलेला मासा आणि मक्याच्या पिठाची उगाली खाऊ घातली होती.

रविवार, ५ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर घाण येतंय.

ओगादा सकाळी दहाला आला. आवाज शांत. मी त्याला शिट्टीचं, कार्डाचं सगळं समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हेल्मेट जाळीच्या दाराच्या कुलपावर हाणलं. दुसऱ्या घावाला कुलूप तुटलं. आत येऊन माझा उजवा हात टेबलावर दाबला आणि वरून हेल्मेट आपटलं. दोन बोटं मोडली – आवाज ऐकू आला.

"आता मोज, मास्तर."

मग नाकावर. मग गल्ल्यातून वीस हजार मोजून घेतले. वीसच. बाकीच्या नोटा नीट परत ठेवल्या आणि बाहेर पडला.

मी ओरडलो – चोर!

कोंडेलेच्या रस्त्यावर हा शब्द ओरडायचा नसतो. मला माहीत होतं. मासे विकणाऱ्या बायका उठल्या, गाड्या धुणारी पोरं धावली. पहिला दगड ओगादाच्या कानावर बसला. तो सट्ट्याची पावती वर धरून काहीतरी सांगत होता. कुणीतरी लोखंडी गज आणला. मी दारात उभा. सवयीने घाव मोजत होतो. एकोणिसाव्यानंतर मोजणं सोडलं.

सोमवार, ६ नोव्हेंबर
ओगादा पहाटे दवाखान्यात वारला.

मंगळवार, ७ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
कंपनीने आकडा सुधारला. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाची शिट्टी ऑफसाइड म्हणून नोंदली होती – मीही तेच समजलो होतो – तो धक्का होता. लाल संघ – तेरा. बहात्तर तासांच्या आतली दुरुस्ती आम्ही धरतो. माझी बावन्नाव्या मिनिटाची रेघ मात्र चुकीचीच.

खर्च: प्लास्टर ३,२००. गोळ्या ४५०.
देणं: दुकानाला २०,००० (त्याच्या खिशातले गर्दीत गेले, माझ्या पगारातून कापणार).
दुकानाचं देणं: ओगादाला ३७,०००.