अनुस्वाराची करंगळी

सर,

तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. मी मात्र आज बीडमधल्याच एका परीक्षा केंद्राच्या पायरीवर बसले आहे आणि आत माझी सून टायपिंगची परीक्षा देते आहे. माझा मुलगा गेला. त्याच्या कचेरीने सुनेला अनुकंपेवर कारकून म्हणून घेतलं, पण मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र ठरल्या मुदतीत आणायचं, ही अट घातली. एकदा ती नापास झाली आहे. मुदतीतली ही शेवटची परीक्षा. आज गेली तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर नातीला घेऊन ती माहेरी जाईल. हे आम्ही दोघींनी कधी उच्चारलेलं नाही, पण दोघींनाही ठाऊक आहे.

तिला मीच शिकवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पिठाचा डबा बाजूला सारून, कीबोर्ड ठेवला आणि तिच्या हातांवर टॉवेल टाकला. तुम्ही टाकायचात तसाच. आम्ही कॉलेजच्या मुली साड्या सावरत तुमच्या मशीनपुढे बसायचो, हातांवर टॉवेल, पाठ ताठ, आणि तुम्ही मागून फिरताय. माझी मान जराशी वाकते न वाकते तोच तुमचा आवाज येतो, "खाली कावून बघती गं? अक्षरं काय पळून चालली का?" माझी डावी करंगळी तेव्हा फार अशक्त. अनुस्वाराची कळ तिच्याच वाट्याची, आणि माझा अनुस्वार कागदावर उमटायचाच नाही. तुम्ही कागद ओढून खिडकीशी धरायचात. "हिची करंगळी माहेरला गेलीय का काय!" सगळा वर्ग हसायचा. मला ती कळ अनामिकेने मारून बघायचा मोह व्हायचा. एकदा मारलीही. तुम्ही आवाजावरून ओळखलंत आणि पट्टी टेबलावर आपटलीत. "ज्याचं घर त्यानंच सांभाळायचं. दुसऱ्याच्या घरात घुसायचं न्हाई."

परीक्षेच्या दिवशी आपल्या इन्स्टिट्यूटची मशीनं हातगाड्यावर रचून केंद्रावर न्यायची असत. खाली गोधड्या, वर दोरी, आणि तुम्ही गाड्याला हात लावून बाजूने चालताय, धोतराचा सोगा खोचलेला. खड्डा आला की गाडेवाल्याला शिव्या. कोणती मुलगी कोणत्या मशीनवर बसेल, ते तुम्हीच ठरवायचात. मी बसले, कागद चढवला, पहिला अनुस्वार मारला आणि दचकले. कळ नुसत्या स्पर्शाने खाली गेली होती. वर्षभर मला छळणारं तेच मशीन. त्या एका कळीची स्प्रिंग कोणीतरी सैल केली होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर तुम्ही दोरी आवळत म्हणालात, "थंडीनं ढिलं पडतं मशीन. चल, गाड्याला हात लाव."

सुनेचं माहेर चकलांब्याकडचं, ऊसतोडीला जाणारं. लहानपणी फडात ऊस धरलेल्या हातावर कोयता बसला आणि तिची डावी करंगळी कायमची ताठ झाली. मला हे माहीत होतं. तरीही मी तिला करंगळीच वापरायला लावली. बोटाला व्यायाम मिळेल, मोकळं होईल, असं माझं म्हणणं. खरं म्हणजे दुसरी पद्धत मला येतच नाही. ती मुकाट्याने मारत राहिली. वेग वाढला, बाकी बोटं घर सोडीनात, पण अनुस्वार गळतच राहिले. आणि काल संध्याकाळी तिने टॉवेल बाजूला फेकला.

"आई, हे बोट वाकतच न्हाई. तोडून टाकू का?"

माझ्या तोंडून गेलं, "राहू दे ते. शेजारच्या बोटाने मार."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मंग इतके दिवस कावून न्हाई म्हणलात?"

मी भाजीला फोडणी घालायला उठले. मागे कीबोर्ड वाजत होता, वेगळ्याच चालीत.

सकाळपासून मला भीती आहे ती ह्याचीच. परीक्षेच्या आदल्या दिवशी बोट बदलायला सांगणारी शिक्षिका तुम्ही दारात उभी केली नसतीत. अनामिका अनुस्वारावर गेली आणि परत आपल्या घरी आली नाही, तर सगळा डावा हात एक घर सरकतो. मग पुढची प्रत्येक ओळ कचरा, आणि खाली न बघणाऱ्याला ते कळतही नाही. खाली बघू नको, हे तर मीच तिच्या हाडीमाशी मुरवलं आहे. तुम्ही असता तर आदल्या दिवशी पक्कड घेऊन बसला असतात. ह्या प्लॅस्टिकच्या कीबोर्डला मी काय सैल करू? माझ्याकडे सैल करण्यासारखी एक मीच होते, आणि मी फार उशिरा सैल झाले.

आता बॅच सुटली. ती दारातून बोटं ताणत आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"कसा गेला?"

"काय की. खाली बघितलंच न्हाई मी."

"स्क्रीनकडे तरी बघितलंस?"

"आई, तुमीच म्हणता ना, नजर उताऱ्यावर ठेवायची."

"अनुस्वार कोणत्या बोटाने मारलास?"

तिने बाटलीचं झाकण फिरवलं. "आवाज येत होता. कोणतं बोट मारतंय, ते न्हाई बघितलं."

निकाल लागायला वेळ आहे. ती चप्पल घालते आहे, रिक्षाला हात करते आहे. हा कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवीन. टाकायला पत्ता कुठे आहे? पण एक सांगते, सर. तासभर मी उजव्या हाताने हे लिहीत होते, डावा हात मांडीवर रिकामाच पडला होता. आत्ता उठताना बघितलं, त्याच्या करंगळीखाली पदर पार चुरगळून गेला आहे. तिचे अनुस्वार मी इथे बसून मारत होते.