वाटीतली गोटी आणि आमचे हे

२ फेब्रुवारी
आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत एक टेबलफॅन होता. रात्रभर खडखडायचा आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर ढाराढूर झोपायचो. आता पंखा माळ्यावर आहे आणि हे घोरतात. मी दचकून उठते. विचारलं की कबूलही करतात, हो, मीच घोरलो, झोप तू. किती वर्षं सोसायचं?

५ फेब्रुवारी
भाची झोपेच्या लॅबमध्ये गणित करते. रात्री मध्येच जाग येते तेव्हा मेंदूत काय घडतं, त्याचं मॉडेल. म्हणाली, मेंदू म्हणजे गोटी, झोप म्हणजे वाटी. धक्का जोराचा बसला की गोटी काठावरून बाहेर. मी म्हटलं, धक्का देणारा शेजारीच झोपतो. तर म्हणते, मावशी, आरोप नको, आकडे दे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर हेच म्हणायच्या, फक्त इंग्रजीत.

६ फेब्रुवारी
संकल्प. पुरावा आला की यांची रवानगी मागच्या खोलीत. खोली आजच आवरली. नवी गादी, जाड पडदा. माझं मन मुळातच मोठं.

९ फेब्रुवारी, सकाळी
काल भाचीने दोघांच्या डोक्याला वायरी लावल्या, मध्ये माइक. हे म्हणाले, लग्नातही इतकं बांधलं नव्हतं. दुर्लक्ष केलं. रात्री जाग आलीच. हे डोळे मिटून चिडीचूप. माइक पाहून आवरलं असणार. लबाड.

१४ फेब्रुवारी
भाची आलेख घेऊन आली. मॉडेल छान जुळलं म्हणाली. माझी गोटी दर वेळी आवाजाच्या धक्क्यानेच बाहेर पडते. मी यांच्याकडे बघितलं. मग तिने रेकॉर्डिंग लावलं. भरलेला ट्रक घाट चढतोय जणू. मी म्हटलं, ऐका स्वतःचे प्रताप. भाची म्हणाली, मावशी, या वेळी काका टक्क जागे आहेत. त्यांची गोटी वाटीत उतरलेलीच नाही.
यांना विचारलं, मग कबूल का करत होतात? म्हणाले, तू घाबरून उठायचीस. मी घोरलो म्हटलं की लगेच झोपायचीस.

१५ फेब्रुवारी
माझ्या मते माइक सदोष आहे. तरीही वाटणी अशी:
मागची खोली, गादी आणि पडदा यांना, मागितलंच तर.
रेकॉर्डिंग भाचीच्या मॉडेलला. बाकी कुणालाही नाही, जाऊबाईंना तर नाहीच.
माळ्यावरचा टेबलफॅन वायरमनला. चालू करून द्यावा, खडखड मात्र काढू नये.