होन्नावरच्या पुढे

म्हैसूर, ६ डिसेंबर २०२४

ती. शांताक्कास,
कमलाक्षीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि हे मोठ्याने बोलण्यासारखंही नाही, म्हणून लिहिते. देवेशने अचानक बेत काढलाय. नाताळच्या सुट्टीत गाडीने समुद्राकाठी जायचं, होन्नावरच्याही पुढे, आणि हॉटेल नाही, वस्ती नाही अशा जागी तंबू ठोकून राहायचं. मी यायलाच हवी म्हणतो. माझ्या गुडघ्यांचं तंबूत काय काम? कडकोळच्या कारखान्यातून रविवारीही न सुटणारा माझा मुलगा आठवडाभर रजा घेतो, हेच मला पटत नाही.

मी खोलीत शिरले की तो आणि अदिती, नवरा-बायको दोघंही गप्प होतात. परवा गच्चीवर तो फोनवर विचारत होता, की बेड नक्की मिळेल ना, किती दिवस ठेवून घेता. आईला इतक्यात काही सांगायचं नाही, असंही म्हणाला. त्या बाजूला वृद्धाश्रम बरेच झालेत म्हणे. सूनबाईंनी माझी कित्येक महिन्यांची औषधं भरून ठेवलीत, आणि बोलणं इतकं गोड की भीती वाटते.

कीर्तना मात्र आनंदात आहे. नातीला काय कळतंय.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेली,
कमलाक्षी


धारवाड, १३ डिसेंबर २०२४

चि. कमलाक्षीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी शेजारणीने पेढा दिला तरी तू आधी मांजराला चाखवायचीस. तरीही बेडचं ऐकून माझं मन काही थाऱ्यावर नाही. जा, पण डोळे उघडे ठेव. आधारकार्ड पिशवीत असू दे. बायकांना सरकारी बस फुकट आहे. काही वेडंवाकडं दिसलं तर उठायचं आणि सरळ माझ्याकडे यायचं.

जीव तुझ्यापाशी ठेवून बसलेली,
शांताक्का


म्हैसूर, २ जानेवारी २०२५

ती. शांताक्कास,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधे सुरूचं बन. दिवसभर माणूस दिसायचा नाही. अदिती मला पहिलं वाढायची आणि ती स्वतः खाईपर्यंत मी तिच्याकडे बघत बसायचे.

पुढे निघालो तर आडरस्त्यावर कन्नडमध्ये मोठी पाटी, वृद्धाश्रम. देवेशने नेमकी तिथेच गाडी थांबवली. वाट विचारून येतो म्हणाला, कीर्तनाला घेऊन आत गेला. अदिती शहाळी घेत होती. समोरून लाल बस आली. मी हात केला आणि चढले.

अदिती शहाळी टाकून धावली, चालत्या बसमध्ये चढली. मी तिला स्पष्ट सांगितलं, की परक्यांत राहणार नाही. ती आधी हसली, मग रडायला लागली. तिच्या छातीत गाठ आहे, अक्का. बेड तिच्यासाठी होता, म्हैसूरच्याच हॉस्पिटलात. त्याआधी सगळ्यांबरोबर समुद्र बघायचा होता. पुढे तिला धावपळ जमणार नाही, म्हणून माझी औषधं भरलेली. आमचे हेही कॅन्सरनेच गेले, म्हणून मला सांगायचा दोघांना धीर होईना.

मागून देवेश हॉर्न वाजवत होता. पुढच्या स्टॉपवर उतरलो. संध्याकाळी ती पाण्यात शिरली, तिचा हात धरून मीही गुडघाभर. तरी मनात येतच होतं, की अजून काही लपवलंय का?

आठवण असू दे.
कमलाक्षी


म्हैसूर, ९ फेब्रुवारी २०२५

ती. शांताक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अदितीला वाचून दाखवलं. ऑपरेशन झालं, काल तपासणीचा निकाल होता. डॉक्टरीणबाई सोबतीला एकालाच आत घेतात. देवेश उठला. अदितीने त्याला खाली बसवलं आणि मला घेऊन गेली.

वेळेत सापडलं, पसरलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. मला खरं वाटेना. इंग्रजीत काही राहून गेलं असेल म्हणून मी कन्नडमध्ये विचारलं, मग पुन्हा विचारलं. त्या हसायला लागल्या. अदितीने मला अडवलं नाही. तिलाही ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं.

तुझी,
कमलाक्षी